पखवाजी आणि विहीर

“पण बुवा, पखवाजाचा आणि पोहण्याचा संबंध काय?”

“काय न्हाई.”

“मग मी कशासाठी शिकायचं?”

“संबंध न्हाई म्हणून.”

रखमाजीबुवा गुरव सोप्यात बसून क्रोशा विणत होते. वय शहात्तर. साठ वर्षं पखवाजावर चाललेली बोटं, पण त्या टीचभर सुईपुढे ती पार गोंधळून जायची. सूनबाईंनी त्यांना रुमालाची कडा शिकवायला घेतली होती. बुवा सतराव्या टाक्यावर चुकले, होतं तेवढं उसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लागले.

समोर प्रल्हाद शेवाळे उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता.

प्रल्हाद छत्तीस वर्षांचा, बुवांकडे बारा वर्षं शिकलेला. कृष्णाकाठच्या त्या सगळ्या टापूत त्याच्यासारखा हात नाही, असं लोक म्हणत. ते खोटं नव्हतं. फक्त प्रल्हादाला ते इतकं पटलेलं होतं, की दुसऱ्या कुणी पखवाजाला हात लावला तर त्याच्या कपाळाला आठीच पडायची.

गुढीपाडव्याला बुवांनी सांगून टाकलं होतं की मृगापासून आपण शाळा सोडणार. शाळा म्हणजे सिद्धनाथाच्या देवळामागची लांबट खोली आणि भिंतीला टेकून ठेवलेले अकरा पखवाज. बुवांच्या आजोबांपासून ती चालत आलेली. बुवांना मूलबाळ होतं, पण त्यातल्या कुणाला पखवाजाची गोडी लागली नाही. तेव्हा शाळा कुणाकडे जाणार याबद्दल गावात दोन मतं नव्हती. प्रल्हादाच्या मनात तर एकच होतं.

तीन वर्षं तोच शिकवत होता. बुवा कोपऱ्यात पाटावर बसून ऐकायचे.

तीन वर्षांपूर्वी शाळेत एकोणीस जण होते. आता सात उरले होते. प्रल्हाद म्हणायचा, गाळण झाली, सोनं तेवढं राहिलं. बुवा यावर आजवर काही बोलले नव्हते.

बुवांच्या शाळेचा एक नेम होता. अक्षय्य तृतीयेला सगळे पखवाज गवसणीत जायचे, ते मृग निघेपर्यंत बाहेर यायचे नाहीत. उन्हानं पुडीचं कातडं तडकतं, असं बाहेरच्यांना सांगायचं. घरच्यांना ठाऊक होतं की तसं काही नाही. त्या पाच-सहा आठवड्यांत शाळेतल्या प्रत्येकानं, बुवांसकट, आपल्याला न येणारी एक गोष्ट शिकायला घ्यायची.

बुवांनी एका उन्हाळ्यात सायकल शिकायला घेतली होती, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आणि गावाच्या देखत तीनदा पाटात पडले होते. एका उन्हाळ्यात पुरणपोळी केली. ती कुत्र्यानं हुंगून सोडली असं सूनबाई अजून सांगतात. एका उन्हाळ्यात बुद्धिबळ, एकदा पोस्टमनकडून इंग्रजी अक्षरं. यातलं धड काहीच त्यांना आलं नाही. बुवांना त्याची लाज नव्हती, आणि प्रल्हादाला नेमकी त्याचीच लाज वाटायची.

प्रल्हादानं नेम मोडला असं म्हणता येत नव्हतं. एका उन्हाळ्यात तो ढोलकी शिकून आला, पंधरा दिवसांत. पुढल्या वर्षी तबला. मग संबळ, मग घट, मग दिमडी. दर मृगाला तो नवं वाद्य घेऊन यायचा, लोक तोंडात बोटं घालायचे आणि बुवा मान डोलवायचे.

आज मात्र बुवांनी त्यातलं एकही जमेला धरलं नाही.

“त्यो एकच हात हाय,” ते म्हणाले. “नुसतं कातडं बदलत आलास.”

हे प्रल्हादाला फार लागलं. आवाज त्यानं चढू दिला नाही, पण बोलला बरंच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा रियाज चुकवला नाही, म्हणाला. आता शाळा हातात यायच्या वेळी पोराटोरांसारखा पाठीला डबा बांधून विहिरीत उतरू? गाव काय म्हणेल? आणि बोटांचं काय? विहिरीच्या दगडावर एक बोट आपटलं की संपलं सगळं.

“मग संपंल,” बुवा म्हणाले.

प्रल्हादाची बोटं म्हातारा जिवापाड जपतो, अशी त्याची समजूत होती.

“दुसरं काहीही सांगा. सायकल सांगा, स्वयंपाक सांगा. पाणी नको.”

“का?”

“मानवत नाही मला.”

“भ्या वाटतं.”

हे प्रल्हादानं आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. कृष्णेच्या घाटावर तो कधी तिसऱ्या पायरीच्या खाली उतरला नव्हता. काही ना काही निमित्त काढून वरच राहायचा. बुवांनी हे कधी पाहून ठेवलं होतं, कोण जाणे.

“समजा, मृगापर्यंत नाही शिकलो,” शेवटी त्यानं विचारलं.

“तर न्हाई. जबरी न्हाई कुणावर.”

“आणि शाळा?”

बुवांनी टाके मोजले. चौदा, पंधरा, सोळा…

“शाळेला कुलूप लावू.”

“म्हणजे दुसऱ्या कुणाला द्याल?”

“दुसरा हाय कुठं?”

तेव्हा प्रल्हादाच्या लक्षात आलं की म्हातारा थट्टा करत नाही. सात पोरं, अकरा पखवाज, तीन पिढ्यांची खोली, सगळं बंद करायची त्याची तयारी आहे. आणि ते आपल्या एकट्यावर येऊन ठेपलं आहे. त्याला राग आला.

“शिकवणार कोण?”

“पाटलाच्या मळ्यातल्या इहिरीवर जा. सकाळी सा वाजता असतो त्यो.”

नाव बुवांनी सांगितलं नाही. सतरावा टाका या वेळीही चुकला होता.

*

पाटलांची विहीर पायऱ्यांची आहे. काळा दगड, अठ्ठावीस पायऱ्या, आणि भर उन्हाळ्यातही तीन पुरुष पाणी. गावातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच पोहायला शिकतात.

प्रल्हाद पोचला तेव्हा खालच्या पायरीवर एक जण पाठमोरा बसून दोर तपासत होता. तो वळला आणि प्रल्हाद होता तिथंच थांबला.

येशा भोई.

दोन वर्षांपूर्वी येशा शाळेत होता. तेव्हा बावीस वर्षांचा, नदीवर मासे धरणाऱ्या घरातला. अकरा महिने आला आणि एक दिवस चुकवला नाही. हात मात्र जड. धुमकिट वाजवायला गेला की डावा हात उजव्याच्या मागे राहायचा. एका गुरुवारी प्रल्हादानं सगळ्यांसमोर त्याच्या मांडीवरचा पखवाज काढून घेतला आणि त्याला घालवून दिलं. काय बोलून घालवलं ते खोलीत सगळ्यांनी ऐकलं होतं. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

“या, दादा,” येशा म्हणाला. “बुवांचा निरोप आलाय.”

प्रल्हादाला वाटलं, इथूनच मागे फिरावं. बुवांनी हे मुद्दाम केलंय, असंही वाटलं, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. समोर तीन पुरुष पाणी. कमरेला दोर बांधायचा, आणि दोराचं दुसरं टोक याच्या हातात द्यायचं.

तो कपडे उतरवून उभा राहिला. येशानं त्याच्या पाठीला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधला. कमरेला दोर आवळला, ओढून बघितला, मग सोडला आणि पुन्हा बांधला.

पहिल्या गाठीत काय वाईट होतं? प्रल्हादाच्या मनात आलं. विचारायची छाती झाली नाही.

त्या दिवशी तो पाण्यातल्या दुसऱ्या पायरीपर्यंत गेला. गुडघाभर पाणी. तिथं उभा राहिला तो राहिलाच. वरून आठ-नऊ वर्षांची पोरं धपाधप उड्या टाकत होती आणि त्याच्याकडे बघून हसत होती. पखवाज वाजवताना ज्याच्याकडे माणसं श्वास रोखून बघत, त्याला गुडघाभर पाण्यात थरथरताना पोरं बघत होती. एवढा अपमान त्यानं कधी सोसला नव्हता.

येशा हसला नाही. धीर दिला नाही, समजावलंही नाही. तास झाल्यावर त्यानं दोर गुंडाळला.

“उद्या या.”

प्रल्हाद ओल्या चड्डीनिशी घरी गेला.

मला ही गोष्ट दोघांनी सांगितली आहे, वेगवेगळ्या वेळी, आणि विहिरीवरच्या त्या दिवसांबद्दल दोघांचं फारसं जुळत नाही. प्रल्हाद म्हणतो, मी रोज वाट बघायचो की आज हा बोलणार. पोरांसमोर बोलणार. मी त्याला जे बोललो त्याच्या दुप्पट बोलणार. रात्री झोप लागायची नाही. पाण्याची भीती एक वेळ परवडली, पण येशाच्या गप्प बसण्याची नको, असं झालं होतं.

येशा म्हणतो, मला तसं काही सुचलंच नाही. शिकवताना माझं ध्यान सगळं पाण्याकडे असतं.

मला येशाचं तितकंसं खरं वाटत नाही. दोन वर्षांत एकदाही आठवलं नसेल, असं कसं होईल? पण तो तसं सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर मला वाद घालायचा नाही.

चौथ्या दिवशी प्रल्हाद छातीभर पाण्यात गेला. सहाव्या दिवशी पायरी सुटली आणि कॅनच्या आधारानं तो क्षणभर तरंगला. लगेच घाबरून त्यानं पायरी धरली. येशा एवढंच म्हणाला, “पाण्याकडं बघू नका. माझ्याकडं बघा.” आणि प्रल्हादाला नेमकं तेच जमत नव्हतं.

नवव्या दिवशी तो घरूनच कॅन बांधून आला.

त्याला वाटलं होतं, निदान एवढं तरी आपल्या हातात असावं. गाठ त्यानं आपल्या पद्धतीनं मारली होती, पखवाजाच्या चामडी वादीला मारतात तशी. बारा वर्षं त्या गाठीनं पुडी ताणून धरली होती, सुरावरून केसभर ढळू दिली नव्हती. येशानं ती बघितली आणि सोडायला हात पुढे केला.

प्रल्हादानं हात झटकला. “गाठ मला नको शिकवूस.”

येशा मागे झाला. कमरेचा दोर मात्र त्यानं स्वतः बांधला, दोनदा.

वादीची गाठ कोरड्या कातड्यावर बसते. ओल्या नायलॉनवर बसत नाही. पायरीपासून चार हात आत गेल्यावर पाठीवरचा आधार अचानक सुटला, आणि प्रल्हादाला दिसलं की कॅन बाजूला, आपल्या आपण, निवांत तरंगतोय.

मग त्याला काही दिसलं नाही.

हिरवं पाणी नाकातोंडात. हात मारले तेवढे दोरात गुंतले. येशानं दोर ओढला, पण तो प्रल्हादाच्या दंडाला वेढा घालून बसला होता आणि ओढावं तसा माणूस उलटा होत होता. येशानं दोर पायरीवरच्या कडीत अडकवला आणि उडी टाकली.

बुडणाऱ्यानं करायचं नसतं तेच प्रल्हादानं केलं. येशाच्या गळ्याला त्यानं दोन्ही हातांनी मिठी मारली. ते पखवाजाचे हात, साठ किलो वजनाचा माणूस त्यांनी खाली दाबून धरला. दोघं मिळून खाली गेले.

पायऱ्यांवरची पोरं ओरडायचीही विसरली.

किती वेळ गेला ते कुणालाच सांगता येत नाही. येशा वर यायची धडपड करण्याऐवजी आणखी खाली गेला, तेव्हा प्रल्हादाची मिठी सुटली. मग मागून येऊन त्यानं काखेत हात घातला आणि त्याला पायरीवर आणून टाकलं.

प्रल्हाद ओकला. खोकला. दगडाला गाल लावून पडून राहिला. त्यानं बोटं हलवून बघितली नाहीत, आणि हे त्याच्या फार उशिरा ध्यानात आलं.

येशा बाजूला बसून धापा टाकत होता. त्याच्या गळ्यावर नखांचे ओरखडे उठले होते आणि त्यातून रक्त येत होतं.

“म्हण आता,” प्रल्हाद म्हणाला.

“काय?”

“मी तुला म्हणालो होतो ते.”

येशा गळ्यावरचं रक्त पुसू लागला.

“म्हण. नाहीतर मला उद्या इथं येता येणार नाही.”

येशा बोलला नाही. तेव्हा प्रल्हाद उठून बसला आणि स्वतःच बोलला. हळू बोलला, पण विहिरीत आवाज घुमतो.

“तुझे हात जाळं ओढायचे. पखवाजाला परत लावू नकोस. उद्यापासून यायचं नाही.”

प्रल्हाद सांगतो, हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. बोललो होतो तेव्हा ऐकले नव्हते.

येशा उठला. पाण्यात वाकून त्यानं कॅन काढला, त्याला लोंबणारी दोरी हातात घेऊन निरखली.

“ही गाठ पाण्यात टिकत न्हाई, दादा,” तो म्हणाला. “उद्या या. मी बांधतो.”

प्रल्हाद तिथं सगळ्यांसमोर रडला. मला हे त्यानंच सांगितलं, आणि सांगताना लपवाछपवी केली नाही.

*

दहाव्या दिवशी तो गेला. रात्रभर ठरवत होता की जायचं नाही, आणि पहाटे बायकोला पहिल्यांदा सांगितलं की मला पाण्याची भीती वाटते. ती म्हणाली, मला लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे. मग तिनं टॉवेल हातात दिला.

विहिरीवर त्यानं पाठ वळवली आणि येशाला कॅन बांधू दिला. गाठ बघितली नाही.

पुढचे दिवस सगळे सारखेच होते, आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. प्रल्हाद हात मारायचा, पाय विसरायचा. पाय मारायचा, श्वास विसरायचा. तो आला त्याच दिवशी शिकायला आलेली एक चिमुरडी तिसऱ्या आठवड्यात दहाव्या पायरीवरून सूर मारू लागली, आणि वर येऊन त्याला सांगायची, काका, पोट सैल सोडा. तो सोडायचा. तरी बुडायचा. आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट त्याला सगळं लक्ष देऊनही येत नव्हती.

आणि रोज तासाभरानं येशा दोर गुंडाळायचा. उद्या या.

मृग दुसऱ्या दिवशी निघणार होता, त्या संध्याकाळी प्रल्हाद बुवांकडे आला. या वेळी सांगायच्या आधीच खाली बसला.

बुवांच्या मांडीवर क्रोशा होताच. कडा वीतभर झाली होती आणि एका अंगाला तिरकी गेली होती.

“नाही जमलं, बुवा.”

“हं.”

“काल कॅन सोडून बघितलं. चार हात मारले आणि खाली गेलो. आजही तेच.”

“येशा काय म्हणला?”

“उद्या या म्हणाला.”

बुवांनी सुई बाजूला ठेवली. आभाळ भरून आलं होतं आणि सूनबाई अंगणातली वाळवणं गोळा करत होत्या.

“शाळेतून बारा जण गेले,” प्रल्हाद म्हणाला. “गेले नाहीत. मी घालवले.”

बुवा ऐकत होते.

“या आठवड्यात चौघांच्या घरी जाऊन आलो. दोघं येतो म्हणाले. एकाची आई बोलू देईना. एकानं मला बघून दार लावून घेतलं. उद्या परत जाणार आहे त्याच्याकडे.”

“आन्‌ येशा?”

“विचारलं त्यालाही. बघू म्हणाला. आधी तुमचा कॅन सुटू द्या म्हणाला.”

बुवांना हसू आलं असावं. अंधारून आल्यामुळे प्रल्हादाला नीट दिसलं नाही.

“मी शाळा मागायला आलो नाही, बुवा. अट तुमची होती. मी पुरी केली नाही. तुम्ही कुलूप लावाल तर मी काही म्हणणार नाही. ती सात पोरं मात्र वाऱ्यावर सोडू नका, त्यांच्यासाठी कुणीतरी बघा. माझ्या हाताखाली त्यांनी पुष्कळ सोसलंय.”

बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते आपल्या तोंडानं नको म्हटलं, एवढंच त्याला त्या क्षणी कळत होतं.

बुवा खांबाला धरून उठले. गुडघे धरले होते, वेळ लागला. आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात शाळेची लोखंडी किल्ली होती.

प्रल्हादानं हात पुढे केला नाही.

“मला पोहता येत नाही, बुवा.”

“ठावं हाय.”

“मग…”

बुवांनी त्याचा हात धरून उताणा केला, किल्ली तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

“येत न्हाई म्हणूनच देतोय. ज्या दिवशी तुला पवायला यील,” ते म्हणाले, “त्या दिवशी ही मला माघारी आणून दे.”